मेसोथेलिओमा: ‘उपाय नाही’ म्हणू नका



‘मेसोथेलिओमाला उपाय नाही, म्हाताऱ्यांना घरीच ठेवा’ हे आपल्या अंकातील लेखकाचे मत घातक आहे. माझ्या वडिलांना फुप्फुसाच्या आवरणाचा हाच कर्करोग आहे. तो सहसा पूर्ण बरा होत नाही, एवढेच खरे. पण पेमेट्रेक्सेड-सिस्प्लॅटिन केमोथेरपीने आयुष्य वाढू शकते. निवोलुमॅब-इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीला अमेरिकेत २०२० मध्येच मान्यता मिळाली. छातीतले पाणी काढले की धाप कमी होते. निव्वळ वय पाहून यातले काहीही नाकारू नये.

त्या लेखकाने तंबाखूवर ठेवलेला ठपकाही चुकीचा. हा रोग मुख्यतः ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो आणि अनेक दशकांनी दिसून येतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. कर्मचारी राज्य विमा कायद्यानेही मेसोथेलिओमाची व्यावसायिक रोग म्हणून नोंद केली.

म्हणून कामगारांच्या मुलांनी डॉक्टरांना आई-वडिलांच्या नोकरीचा इतिहास आधी सांगावा.

— एका कामगाराची मुलगी, मुलुंड