पीएचडीचा विषय कोण ठरवतं: आपण की अधिछात्रवृत्ती?

गेल्या महिन्यात लोणंदमध्ये एक मुलगी भेटायला आली. एम.ए. समाजशास्त्र झालंय, नेट पास आहे, जेआरएफ थोडक्यात हुकली. वडील कांदा मार्केटमध्ये हमाल. तिथल्याच महिला मजुरांवर तिला पीएचडी करायची आहे. तिचा प्रश्न साधा होता, "दादा, पाच वर्षं खायचं काय?"

तिची मैत्रीण रसायनशास्त्रात पीएचडी करते. तिची जेआरएफही हुकली होती, पण मार्गदर्शकांच्या प्रकल्पातून तिला मानधन मिळतं.

खरा फरक इथेच आहे. विज्ञानात पैसा प्रयोगशाळेच्या मागे येतो. सीएसआयआरची जेआरएफ आहेच, शिवाय केंद्राच्या विज्ञान विभागाचे प्रकल्प असतात. आयआयटीसारख्या संस्थांत पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७० ते ८० हजार रुपये महिना देते. समाजशास्त्र, मराठी, इतिहास या विषयांत मार्गदर्शकाकडे असा प्रकल्प क्वचितच असतो. जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार, आयसीएसएसआरची मिळाली तर २० हजार. नाहीतर तासिका तत्त्वावर शिकवत संशोधन रेटायचं. यूजीसीची नेटशिवायची ८ हजारांची मदत केंद्रीय विद्यापीठांपुरती आहे. सातारा-सांगलीची आपली मुलं शिवाजी विद्यापीठात जातात, ते राज्य विद्यापीठ आहे.

म्हणून अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि बार्टी हेच आपल्या मुलांचे मुख्य आधार. राष्ट्रीय योजनेत देशभरासाठी वर्षाला २,००० जागा आहेत आणि निवड नेटच्या गुणांवर होते. राहिली बार्टी. तिथे २०२२ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांचं काय झालं, ते आपण पाहिलं. शासनाने आधी फक्त २०० जणांना द्यायचं ठरवलं. २०२३ मध्ये मुलं आझाद मैदानावर बसली. डिसेंबरमध्ये चाळणी परीक्षा झाली, तर प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेटचीच असल्याची तक्रार झाली. पुढे निम्म्या दराने देण्याचा निर्णय आला आणि पूर्ण दरासाठी पुन्हा आंदोलन करावं लागलं. संशोधनाची उमेदीची वर्षं मैदानात गेली.

याचा फटका एकट्यादुकट्याला बसत नाही. पैशाअभावी आपली मुलं सामाजिक शास्त्रं सोडतील, तर जात, मजुरी, स्थलांतर यांवर लिहिणारे दुसरेच असतील आणि आपण फक्त त्यांच्या प्रश्नावल्या भरू.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली, तेव्हा १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. पण त्यांनी सोसलं म्हणून शंभर वर्षांनी आपल्या मुलांनीही सोसावं, असा त्याचा अर्थ नाही.

मागण्या तीनच हव्यात: बार्टीची जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, सर्व पात्र संशोधकांना नोंदणीच्या तारखेपासून पूर्ण दर आणि पैसे दरमहा खात्यात.

तोवर आपल्या हातात काय आहे? नोंदणीपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र आधीच तयार ठेवा. जेआरएफसाठी नेट पुन्हा द्या. आणि विहाराच्या वर्गणीतला थोडा वाटा गावातल्या एका संशोधकाच्या प्रवासाला आणि झेरॉक्सला द्यायला काय हरकत आहे? जयंतीच्या एका डीजेच्या खर्चात एका मुलीचं वर्षभराचं फील्डवर्क होतं.

त्या मुलीला मी विषय बदलायला सांगितलं नाही. ती जबाबदारी आता आपली आहे.

जयभीम!