चौदा हजारांचा बूट

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख आजवर दोनदा काळं पडून गळलं. दोन्ही वेळा एकाच बुटापायी, आणि तो मी आयुष्यात घेतलेला सगळ्यात महाग बूट होता. चौदा हजार रुपये. दुकानातल्या मुलानं सांगितलं, "सर, सायकलिंगचे शूज टाइटच घ्यायचे, वापरून सैल पडतात." मी पन्नाशीला टेकलेला, स्वतःला चिकित्सक वगैरे समजणारा माणूस, मान डोलावली आणि कार्ड पुढे केलं. कार्बनचा तळवा असलेला बूट सैल पडत नाही. पडतं ते नख.

पण माझं भांडण नखावरून नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपवर एके दिवशी फर्मान निघालं : 'प्रॉपर एमटीबी शूज कंपल्सरी.' त्याआधी तीन रविवार एक कॉलेजातला मुलगा येत होता. सेकंडहँड सायकल, पायात पीटीचे कॅनव्हासचे बूट. वेताळ टेकडीच्या उतारावर तो आम्हा सगळ्यांच्या पुढे असायचा. फर्मानानंतर तो आला नाही. कुणी विचारलंही नाही. सुरक्षिततेसाठी नियम केला, असं सांगण्यात आलं.

तर मग सुरक्षिततेचंच बोलू. त्याच पावसाळ्यात माझ्या चौदा हजारांच्या, पूर्णपणे 'प्रॉपर' बुटानं मला शेवाळलेल्या कातळावर आडवं केलं. चढ अंगावर आला, उतरून सायकल ढकलायला लागलो, आणि तो गुळगुळीत कडक तळवा ओल्या दगडावर साबणासारखा सरकला. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. सह्याद्रीत माउंटन बायकिंग म्हणजे निम्मं सायकल चालवणं आणि निम्मं ती ढकलणं किंवा खांद्यावर घेणं. घसारा, मुरूम, कातळ, पुन्हा घसारा. शर्यतीसाठी घडवलेला बूट इथे काय करणार? गंमत म्हणजे शिमानोनं १९९० साली एसपीडी पेडल आणलं, त्यात धातूची क्लीट बुटाच्या तळव्यात खोलगट बसवली ती उतरून चालता यावं म्हणूनच. चालणं हा त्या कल्पनेचा गाभा होता. तो गाभा काढून टाकून उरलेलं आपल्याला जास्त दरानं विकलं जातं आणि आपण त्याला 'परफॉर्मन्स' म्हणतो.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. "आम्ही स्लिपर घालून सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जायचो, बूट कसले लागतात!" म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपात असतात. त्यांच्याशीही माझं जमत नाही. सपाट पेडलला बारीक पोलादी खिळे असतात. खडकाळ उतारावर चप्पल त्यावरून सटकली की पेडल गरकन फिरून नडगीवर येतं. त्या जखमा मी पाहिल्या आहेत. चांगला बूट लागतोच. प्रश्न आहे चांगला कशाला म्हणायचं आणि ते कोण ठरवणार.

माझ्या मते, आधी तळवा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. चवड्याशी थोडा वाकला पाहिजे, मधोमध अजिबात नाही. मधोमध वाकणारे धावण्याचे बूट पेडलवर पाय दुमडू देतात आणि तासाभरात तळपाय ठणकतो. मधला भाग सपाट आणि मऊ रबराचा हवा, म्हणजे पेडलचे खिळे त्यात रुततात. ट्रेकिंगच्या बुटाचे खोल दात तिथे उलट आड येतात. दात हवेत ते पुढे आणि टाचेला, ढकलताना चढावर पकडायला. एवढं जमलं की क्लीट नसली तरी चालतं. शर्यत जिंकायची नसेल तर क्लीट ही आवड आहे, गरज नाही. (हे वाक्य ग्रुपवर लिहिलं असतं तर मलाही काढलं असतं.)

मग शिवण. माझा तो महागडा बूट तिसऱ्या पावसाळ्यात उकलला. चौकातल्या चांभारकाकांकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, कडेला नख लावलं आणि म्हणाले, "साहेब, ह्याला टाका कुठं मारू? नुसतं पेस्टिंग हाय." वर घट्ट करायला नाडीऐवजी फिरकी आणि बारीक तार होती. ती तुटली, तेव्हा सुटा भाग मिळायला महिना लागला. नाडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. टिकाऊ म्हणजे न बिघडणारा, असं मी आता मानत नाही. टिकाऊ म्हणजे आपल्या गल्लीत दुरुस्त होणारा. आणि सवलतीत मिळतो म्हणून कपाटात ठेवून देण्यासाठी जादा जोड घेऊ नका. पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत न वापरताही आतून कुजतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा भुगा होतो.

राहिलं माप, आणि खरा राग इथे आहे. इंग्रजी मापाचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जुन्या हिशेबात जवाच्या एका दाण्याची लांबी. युरोपीय नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश. दोन्ही फक्त लांबी सांगतात. रुंदीबद्दल बॉक्सवर बहुधा चकार शब्द नसतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि आपले पाय सर्वसाधारणपणे युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. भारतीय मापपद्धतीला 'भा' असं नावही सुचवलं गेलं. म्हणजे दुकानातला मुलगा मला टाइट बूट विकत होता तेव्हा दोष माझ्या पायात नव्हता. चवडा मावावा म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग टाच आत खेळते, फोड येतात, आणि "तुमचे पायच जरा वेगळे आहेत" हे ऐकून घेतो.

माझा उपाय साधा आहे. संध्याकाळी जायचं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालणार तेच मोजे न्यायचे. बुटातलं आतलं पॅड काढून जमिनीवर ठेवायचं आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं. पाय कडेनं बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, कितीही सवलत असो. पुढे अंगठाभर जागा हवी. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्याला बसेल तो घ्यायचा. दुकानदार वैतागतो. वैतागू द्यावं.

असं करत मी शेवटी जो घेतला तो खरं तर स्केटबोर्डवाल्यांचा बूट आहे. सपाट तळवा, कडेनं गोल शिलाई, साध्या नाड्या, रुंद चवडा. ३,२०० रुपये. तळवा माझ्या अपेक्षेपेक्षा थोडा मऊ आहे आणि ओला झाला की वाळायला दोन दिवस घेतो, हे कबूल. पण चौथा पावसाळा चालू आहे. काकांनी दोनदा शिलाई मारून दिली, दर वेळी ऐंशी रुपये.

ग्रुपच्या नियमाप्रमाणे हा बूट 'प्रॉपर' नाही. त्यावर एमटीबी असं कुठे लिहिलेलं नाही. तो घालून मी दर रविवारी जातो आणि मला कुणी काही म्हणत नाही, कारण माझी सायकल लाखाच्या वरची आहे. त्या मुलाचा नंबर एकाकडे होता, त्याला फोन केला, लागला नाही. नियम काढून टाका असं ॲडमिनला मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा उत्तरादाखल अंगठा आला.