जिंकलेले सैन्य घरी जाते तेव्हा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षे पूर्ण होतात. अशा प्रसंगी त्या जाहीरनाम्याची थोरवी गायिली जाणे स्वाभाविकच आहे. परंतु जाहीरनामा हा अखेर कागद असतो. त्या कागदाला अर्थ प्राप्त व्हावा म्हणून १३ वसाहतींना १७७५ ते १७८३ अशी आठ वर्षे युद्ध करावे लागले; आणि ज्या सैन्याने ते केले, ते बहुतेक काळ अर्धपोटी, फाटक्या वस्त्रांत व पगाराविना लढत होते. या सैन्याने जगातील सर्वांत बलाढ्य आरमारी सत्तेला नमविले, ही हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या सरकारसाठी ते लढले त्या सरकारनेच त्याची उपेक्षा केली आणि तरीही सैन्याने ते सरकार उलथून टाकले नाही, ही हकीकत मात्र क्वचित सांगितली जाते. परकीय सत्तेतून मुक्त झालेल्या अनेक देशांचा पुढील इतिहास पाहिला, तर हा दुसरा भागच अधिक विचार करण्याजोगा वाटेल.

वसाहतींच्या काँग्रेसने १४ जून १७७५ रोजी सैन्य उभारण्याचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी व्हर्जिनियाचा जमीनदार जॉर्ज वॉशिंग्टन याची सरसेनापती म्हणून निवड केली. बोस्टनभोवती जमलेले त्याचे सैनिक म्हणजे शेतकरी व कारागीर होते आणि त्यांतील बहुतेकांची मुदत वर्षअखेर संपणार होती. उलट १७७६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनने न्यूयॉर्कसमोर जे दळ आणले त्यात, जर्मन संस्थानिकांकडून भाड्याने घेतलेल्या पलटणी धरून, ३० हजारांहून अधिक सैनिक होते. २७ ऑगस्टला लाँग आयलंडवर वॉशिंग्टनचा पराभव झाला. न्यूयॉर्क हातचे गेले. डिसेंबरात डेलावेअर नदीपलीकडे माघार घेताना त्याच्यापाशी काही हजार माणसेच उरली होती.

या पराभवांतून त्याने जो निष्कर्ष काढला, तोच पुढील युद्धाचा पाया ठरला. सर्वस्व पणाला लावणारी लढाई शक्य तो टाळावयाची आणि सैन्य काहीही करून शाबूत राखावयाचे, हे ते सूत्र होय. नाताळच्या रात्री बर्फाने भरलेली नदी ओलांडून त्याने ट्रेंटनच्या जर्मन पलटणींवर छापा घातला आणि सुमारे ९०० कैदी पकडले. या छाप्याने युद्धाचा निकाल लागला नाही; परंतु सैन्य जिवंत आहे, हे देशाला कळले. ब्रिटिशांनी १७७७ मध्ये फिलाडेल्फिया घेतले, १७८० मध्ये चार्ल्सटन घेतले. पण जी पडली असता लढाच संपावा अशी राजधानी या देशाला नव्हतीच. मराठी वाचकाला येथे गनिमी काव्याची आठवण होईल. दक्षिणेकडील टोळ्यांच्या बाबतीत ती गैर नाही. स्वतः वॉशिंग्टनला मात्र युरोपीय धर्तीचे कवायती सैन्यच हवे होते आणि त्यासाठीच त्याने प्रशियन अधिकारी स्टॉयबेन याच्याकडे शिक्षणाचे काम सोपविले.

सैन्य टिकले म्हणून मित्र मिळाला. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे जनरल बर्गॉइनचे संपूर्ण सैन्य शरण आले आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने वसाहतींशी उघड करार केला. पुढे स्पेन व हॉलंडही ब्रिटनविरुद्ध युद्धात ओढले गेले. साम्राज्य कितीही बलाढ्य असले, तरी सर्व ठिकाणी एकाच वेळी बलाढ्य राहणे त्याला परवडत नाही. याच वर्षांत ईस्ट इंडिया कंपनी पुण्याच्या दरबाराशी युद्धात गुंतली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिला मानहानीचा तह स्वीकारावा लागला आणि पुढल्याच वर्षी हैदरअली कर्नाटकात उतरला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे ठेवली, तेव्हा समुद्राची वाट फ्रेंच आरमाराने रोखून धरली होती आणि फ्रेंच सैनिक व खलाशी यांची एकत्रित संख्या अमेरिकनांहून अधिक होती. हा विजय एकट्याच्या बळावर मिळाला, ही समजूत म्हणूनच खरी नाही. साम्राज्यही त्यामुळे संपले नाही. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला आणि १७९२ मध्ये मराठे व निजाम यांच्या साहाय्याने त्याने टिपूला तह करण्यास भाग पाडले.

परंतु या सैन्याची खरी कसोटी रणांगणाबाहेर लागली. काँग्रेसला युद्ध पुकारता येत होते, कर मात्र बसविता येत नव्हता. पैशासाठी तिला १३ राज्यांपुढे हात पसरावे लागत. तिने नोटा छापण्याचा मार्ग पत्करला आणि १७७९ अखेर सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा बाजारात आणल्या. मार्च १७८० मध्ये अशा ४० डॉलरची किंमत चांदीच्या एका डॉलरइतकी ठरविणे तिलाच भाग पडले. पगार मिळाला तरी त्यात काही येत नव्हते, आणि तोही महिनोन्महिने मिळत नव्हता. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथे सुमारे १२ हजारांचे सैन्य मुक्कामाला होते. त्यांपैकी सुमारे २ हजार माणसे शत्रूची गोळी न लागता, रोगराईने मेली. त्याच वेळी आसपासचे काही शेतकरी आपले धान्य फिलाडेल्फियातील ब्रिटिशांना रोख नाण्याने विकीत होते.

अशा स्थितीत बंड न होते तरच नवल. १ जानेवारी १७८१ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणी थकलेला पगार व संपलेली मुदत या प्रश्नांवर उठल्या आणि आपल्याच सरकारकडे दाद मागण्यासाठी फिलाडेल्फियाच्या रोखाने निघाल्या. ब्रिटिश सेनापतीने ही संधी साधून आपले हस्तक त्यांच्याकडे धाडले आणि त्यांच्या मागण्या पुऱ्या करण्याचे आमिष दाखविले. बंडखोरांनी त्या हस्तकांनाच पकडून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. आपले भांडण घरातले आहे आणि शत्रूला त्यात जागा नाही, हे या अर्धपोटी शिपायांना स्वच्छ कळत होते.

त्याहून गंभीर प्रसंग विजयानंतर आला. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग येथील छावणीत एक निनावी पत्रक फिरू लागले. थकबाकी मिळेपर्यंत सैन्याने शस्त्रे खाली ठेवू नयेत, असे त्यात सुचविले होते. अधिकाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती; १७८० मध्ये कबूल केलेल्या निवृत्तिवेतनाची तरतूद काँग्रेसने केलीच नव्हती. १५ मार्चला वॉशिंग्टन स्वतः त्यांच्या सभेत गेला. त्याने तक्रार मान्य केली आणि मार्ग धिक्कारला. पत्रकामागचा बेत तेथेच विरला. जूनमध्ये काही सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला आणि सभासदांना प्रिन्स्टनला जावे लागले; पण सैन्याचे नेतृत्व त्यांच्यामागे उभे राहिले नाही. २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिस येथे वॉशिंग्टनने सेनापतिपदाची सनद काँग्रेसला परत केली. त्या सभेला जेमतेम वीसेक सभासद हजर होते. विजयी सेनापतीने वीस निःशस्त्र माणसांपुढे पद सोडावे, ही घटना यॉर्कटाउनच्या शरणागतीपेक्षा लहान नव्हे.

याचे सारे श्रेय एका पुरुषाच्या चारित्र्याला देणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. सैन्य जन्मले तेच मुळी काँग्रेसच्या ठरावातून. पहिल्या दिवसापासून सेनापती तिला अहवाल देत होता आणि तिच्याकडेच मागण्या करीत होता. आठ वर्षांच्या या सवयीचे रूपांतर पुढे कायद्यात झाले. १७८७ च्या राज्यघटनेने मध्यवर्ती सरकारला कर बसविण्याचा अधिकार दिला. निवडून आलेल्या अध्यक्षाला सेनादलांचे प्रमुख केले. आणि सैन्यासाठी कोणतीही रक्कम दोन वर्षांहून अधिक काळासाठी मंजूर करता येणार नाही, असे बंधन घातले. सैन्याला उपाशी ठेवणारी सत्ता आणि सैन्याच्या मुठीतली सत्ता, हे दोन्ही धोके त्या पिढीने अनुभवाने ओळखले होते.

जेथे ही सवय लागली नाही, तेथे काय घडले हे आशिया व आफ्रिकेने पाहिले आहे. ब्रह्मदेशाचे सैन्य आपली परंपरा आँग सान यांनी १९४१ मध्ये उभारलेल्या स्वातंत्र्यसेनेपर्यंत नेते. स्वतः आँग सान राजकारणात येताना लष्करातून बाहेर पडले होते. परंतु जुलै १९४७ मध्ये त्यांचा खून झाला आणि १९४८ च्या स्वातंत्र्याबरोबरच देशात यादवी पेटली. देश आपण राखला, तेव्हा तो चालविण्याचा हक्कही आपलाच, ही भावना लष्करात रुजली. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. २००८ च्या घटनेने संसदेतील एक चतुर्थांश जागा लष्कराला बहाल केल्या. आणि तेवढ्यानेही समाधान न होऊन १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार पुन्हा बाजूस सारले. अल्जीरियात १९६२ मध्ये फ्रेंच गेले, तेव्हा सीमेपलीकडे सिद्ध असलेल्या बुमेदिएन यांच्या सैन्याने बेन बेला यांना सत्तेवर बसविले आणि १९६५ मध्ये त्याच सैन्याने त्यांना खाली खेचले.

अर्थात अमेरिकेचे उदाहरण निष्कलंक नाही. साध्या शिपायाला पगाराऐवजी रोखे मिळाले. गरजेपोटी त्याने ते कवडीमोलाने विकले, आणि १७९० मध्ये सरकारने रोख्यांची पूर्ण किंमत मान्य केली तेव्हा लाभ सावकारांच्या पदरात पडला. गरजू सैनिकांसाठी व्यापक निवृत्तिवेतनाचा कायदा व्हावयास १८१८ साल उजाडले. या सैन्यात सुमारे ५ हजार कृष्णवर्णीय लढले. त्यांच्या बांधवांची गुलामगिरी मात्र १८६५ पर्यंत टिकली. सैनिकांच्या निष्ठेची किंमत सैनिकांनीच मोजली, असेच म्हणावे लागेल.

म्हणूनच या २५० वर्षांचा हिशेब मांडताना जाहीरनाम्याबरोबर ॲनापोलिसच्या त्या लहानशा सभेचेही स्मरण ठेवले पाहिजे. परकीय सत्ता घालवून देण्यास शौर्य लागते. घालवून दिल्यावर शस्त्र खाली ठेवण्यास त्याहून अधिक संयम लागतो. आणि ज्याने शस्त्र खाली ठेवले त्याचे देणे चुकते करण्यास प्रामाणिक राज्यव्यवस्था लागते. अमेरिकेने पहिली दोन कामे केली. तिसऱ्यात ती मागे पडली. या तिसऱ्या कामात कसूर करणाऱ्या मुलकी सत्तेने, आपले सैनिकही व्हॅली फोर्जच्या सैनिकांइतकेच सोशिक निघतील, असे गृहीत धरू नये.