शाळा कुठली, की परत कधी?

ऑनसाइटचं पक्कं झालं की माणूस आधी व्हिसा बघतो, मग घर, मग तूरडाळ कुठे मिळते ते. मुलांची शाळा एचआरच्या यादीत शेवटून दुसरी, आणि तिच्यापुढे एकच शब्द: 'इंटरनॅशनल'. या शब्दावर माझा राग आहे, आणि टोकियोत राहून तो वाढतच चाललाय.

पहिली गंमत कायद्याची. जपानच्या १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्यानुसार बहुतेक इंटरनॅशनल शाळा या मुळात 'शाळा' नाहीतच. त्या 'इतर' नावाच्या एका खात्यात मोडतात, ज्यात शिवणकामाचे क्लास आणि काही ड्रायव्हिंग स्कूलही येतात! काहींना तर तेवढाही दर्जा नसतो. म्हणजे त्या वाईट असतात असं नाही. पण तिथे नववी करून मुलाला जपानी हायस्कूलला जायचं असेल, तर अनेक ठिकाणी प्रवेश परीक्षेलाच बसू देत नाहीत. हे कुठल्याही चकचकीत ब्रोशरवर ठळक छापलेलं नसतं.

दुसरी गंमत पैशांची. मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांची फी वर्षाला साधारण वीस ते तीस लाख येन. रुपयांत दहा लाखांच्या वरच. कंपनी भरणार असेल तर उत्तम, पण किती वर्षं, किती मुलांची, आणि कॉन्ट्रॅक्ट 'लोकल' झाल्यावर काय, हे पत्रात लिहून घ्या. तोंडी 'बघू, करू'ला शून्य किंमत आहे.

मग आपली मंडळी दोन गोष्टींपैकी एक करतात. एक, भारतीय शाळा. कोतो वॉर्डात २००४ मध्ये एक सुरू झाली, एडोगावात २००६ मध्ये दुसरी. दोन्हीकडे सीबीएसई, आणि फी परवडण्यातली. निशी-कासाईला इतके भारतीय का राहतात, याचं अर्धं उत्तर तोझाई लाइनमध्ये आहे आणि अर्धं या शाळांत. (२००७-०८ च्या सुमारास इथे भारतीय गणिताची अशी लाट आली होती की जपानी पालकच भारतीय शाळांच्या दारात उभे होते. आपले वीसपर्यंतचे पाढे! त्यांचे दुसरीत नवावर थांबतात.)

दुसरी, वॉर्डाची सरकारी शाळा. ट्यूशन फी नाही, पुस्तकं फुकट, मुलं स्वतः जेवण वाढतात, स्वतः वर्ग झाडतात. शाकाहाऱ्यांनी मात्र आधी बोलून घ्यावं, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. आणि एक महत्त्वाचं. जपानी पालकांवर मुलाला शाळेत घालायची सक्ती आहे, परदेशी पालकांवर नाही. अर्ज केलात तर घेतात. नाही केलात, तर मूल घरी बसलंय हे कोणाच्या लक्षात येईलच असं नाही. २०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदा देशभर पाहणी केली, तेव्हा सुमारे २०,००० परदेशी मुलं बहुधा कुठल्याच शाळेत नसावीत असं दिसलं.

आता माझं मत. शाळा निवडताना शाळा हा प्रश्नच नसतो. खरा प्रश्न 'परत कधी जायचं' हा असतो, आणि तो आपण टाळतो. 'इंटरनॅशनल' म्हटलं की तो टाळता येतो, म्हणून तर तो शब्द इतका सोयीचा!

टाळल्याची किंमत किती, ते कांजीत मोजता येतं. (प्यायची कांजी नव्हे, चिनी अक्षरं.) २०२० पासून प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००. म्हणजे 'दोन-तीन वर्षं भारतीय शाळेत ठेवू, मग बघू' म्हणून चौथीत वॉर्डाच्या शाळेत टाकलेल्या मुलाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी ४४० अक्षरांचं कर्ज असतं. वर्गातली बाकीची मुलं ती अक्षरं विसरून पुन्हा शिकून मोकळी झालेली असतात. उलट बाजूही तितकीच खरी. सहावीपर्यंत जपानीत शिकलेलं मूल पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या सातवीत बसवा. इथे इंग्रजी हा स्वतंत्र विषय पाचवीत सुरू होतो. विज्ञानाचं पुस्तक उघडल्यावर त्याचं काय होईल?

म्हणून माझ्या मते, तीन वर्षांत नक्की परतायचं असेल तर सरळ भारतीय शाळा. त्यात कमीपणा काही नाही, आणि सीबीएसईचं वर्षही इथल्यासारखंच एप्रिलला सुरू होतं. राहायचं असेल आणि मूल सहा-सातच्या आत असेल, तर वॉर्डाची शाळा, पहिलीपासून. दहा-अकराच्या पुढच्या मुलाला मात्र हौसेखातर जपानीत ढकलू नका. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे दरवर्षी एक वर्ष वाढवणं. अशी दोन-तीन घरं बघितलीत. बापाला पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली, फ्लॅट घेतला, आणि टोकियोत जन्मलेला पोरगा वॉर्डाची नोटीस वाचायला शेजारच्या आजींकडे जातो.

योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एडोगावाच्या वॉर्ड परिषदेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकीतल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मराठी माणूस, आपण सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. ते जपानी शिकले म्हणून तिथे पोचले, ते मात्र फॉरवर्ड झालं नाही. असो.

आमची मुलगी चार वर्षांची आहे. बायकोला पुण्याला परत जायचंय, मला अजून दहा वर्षं इथे दिसतात, आणि दोघांची कारणं खरी आहेत. पहिलीत जाणाऱ्या मुलांची आरोग्य तपासणी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत उरकतात. त्याआधी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा की नाही, हे ठरवायला लागेल. सध्या रोज रात्री जेवताना तोच विषय निघतो, आणि मुलगी मध्येच जपानीत काहीतरी विचारते जे आम्हा दोघांनाही कळत नाही.