देहधारी शब्द : निसियाची सतराशे वर्षे आणि आपली श्रद्धा

तुर्कस्तानातील इझनिक हे तळ्याकाठी वसलेले एक लहानसे शहर आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे तेथे गेले. कॉन्स्टॅन्टिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू आणि अन्य ख्रिस्ती पंथांचे प्रतिनिधी यांच्यासमवेत त्यांनी संत निओफायटस यांच्या प्राचीन बॅसिलिकाच्या अवशेषांजवळ प्रार्थना केली. तळ्याच्या पाण्याखाली शतकानुशतके दडून राहिलेले हे अवशेष २०१४ साली हवाई छायाचित्रांमुळे उजेडात आले. इझनिकचे जुने नाव निसिया. इ. स. ३२५ मध्ये ख्रिस्तसभेची पहिली विश्वपरिषद येथेच भरली होती.

पोपपदावर निवड झाल्यानंतरचा लिओ चौदावे यांचा हा पहिलाच परदेश दौरा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनाही निसियाला जाण्याची इच्छा होती. ती पूर्ण होण्याआधीच २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांना देवाज्ञा झाली. दोन पोपमहोदयांना या स्थळाची ओढ का वाटावी? सतराशे वर्षांपूर्वी धर्माचार्यांमध्ये एका ग्रीक शब्दावरून झालेल्या वादाशी नोकरी, मुलांचे शिक्षण आणि आजारपण यांत गुंतलेल्या आपल्या कुटुंबांचा काय संबंध?

शब्द म्हणजे कोण?

संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभीच येशूला 'शब्द' असे संबोधतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'लोगोस'. उच्चारलेले वचन, विचार, विवेक असे अनेक अर्थ त्यात सामावले आहेत. स्टोइक तत्त्वज्ञांच्या मते लोगोस म्हणजे सबंध विश्व व्यापून असलेला विवेक. येशूच्याच काळात अलेक्झांड्रियात राहणारे यहुदी विचारवंत फिलो यांनी देव आणि सृष्टी यांच्यामधील दुवा या अर्थाने लोगोसची संकल्पना मांडली. देवाने आपल्या शब्दाने सृष्टी निर्माण केली, हे तर जुना करार वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. नवी होती ती योहानाची पुढची साक्ष : त्या शब्दाने मानवी देह धारण केला आणि तो आपल्यामध्ये राहिला. तत्त्वज्ञांच्या लोगोसला भूक लागत नव्हती, तो मित्राच्या कबरेपाशी रडत नव्हता आणि त्याच्या हातांना खिळ्यांच्या जखमाही नव्हत्या.

ही साक्ष पचवणे अनेकांना जड गेले. देव इतका पवित्र की तो मातीच्या देहात येणारच नाही, म्हणून ख्रिस्ताचा देह केवळ भासमान होता, असे काही जण म्हणू लागले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांना मृत्युदंडासाठी साखळदंडांनी जखडून रोमला नेले जात होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी या मताचा प्रतिवाद केला. ख्रिस्ताचे दु:ख जर भासमान असेल, तर माझ्या या बेड्या कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. त्याच शतकात संत जस्टिन यांनी सांगितले की, शब्दाची बीजे सर्व मानवजातीत पेरलेली आहेत. म्हणूनच ख्रिस्तपूर्व विचारवंतांनाही सत्याचा अंश गवसला. लियॉनचे बिशप संत आयरेनियस यांनी शब्द आणि पवित्र आत्मा यांना पित्याचे दोन हात म्हटले. ज्या हातांनी मानव घडवला, त्याच हातांनी देव त्याला पुन्हा घडवतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परिभाषेत यासाठी 'देहधारण' हा शब्द रुळला आहे. 'अवतार' हा शब्द आपल्या मातीत अधिक परिचित खरा. परंतु अवतार युगायुगांतून पुन:पुन्हा होतात, तर शब्दाचे देहधारण एकदाच आणि कायमचे आहे. पुनरुत्थित प्रभूने तो मानवी देह टाकून दिलेला नाही.

निसियात काय पणाला लागले होते?

चौथ्या शतकात वादाने वेगळे वळण घेतले. अलेक्झांड्रियाचे एक धर्मगुरू एरियस यांचे म्हणणे असे की, पुत्र सर्व निर्मितीत श्रेष्ठ असला तरी तो निर्मितीच होय. तो नव्हता असाही एक क्षण होता. एरियस यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. एकमेव देवाचे एकमेवत्व अबाधित राहावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांनी आपली मते गीतांतूनही मांडली आणि ती लोकांच्या तोंडी बसली.

सम्राट कॉन्स्टन्टाईन यांनी परिषद बोलावली. परंपरेनुसार तिला ३१८ बिशप उपस्थित होते. परिषदेने पुत्र हा पित्याशी 'होमोऊसियोस', म्हणजे एकाच सत्त्वाचा आहे, असे घोषित केले. हा शब्द पवित्र शास्त्रात आढळत नाही, म्हणून अनेक बिशपांना तो वापरताना संकोच वाटला. परंतु शास्त्रातील प्रत्येक वचनाचा एरियसचे समर्थक आपल्या सोयीचा अर्थ लावत होते. त्यामुळे पळवाट राहणार नाही असा शब्द योजणे परिषदेला भाग पडले.

परिषदेस बिशप अलेक्झांडर यांचे सहायक म्हणून आलेले तरुण डीकन अथनासियस यांनी पुढे आयुष्यभर या शब्दाची पाठराखण केली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. आपला बाप्तिस्मा पुत्राच्या नावाने होतो, आपण पुत्राची आराधना करतो. तो जर निर्मिती असेल, तर आपण निर्मितीची पूजा करीत आहोत. शिवाय जो स्वत:च निर्मिलेला आहे, तो दुसऱ्या निर्मितीला देवाशी कसा जोडणार? त्यांनी एक सुंदर दृष्टान्तही दिला आहे. फळ्यावर काढलेले चित्र डाग पडून बिघडले, तर फळा फेकून देत नाहीत. ज्याचे ते चित्र आहे त्याला पुन्हा समोर बसवून त्याच फळ्यावर ते नव्याने रेखाटतात. मानवातील देवाची प्रतिमा मलिन झाली, तेव्हा ती पूर्ववत करण्यासाठी मूळ प्रतिमा असलेल्या पुत्रालाच यावे लागले. देवाने दूत पाठवला की तो स्वत: आला, हाच निसियातील खरा प्रश्न होता.

श्रद्धा कोणी राखली?

परिषद संपली, वाद मात्र संपला नाही. सम्राट बदलले तशी राजकृपाही बदलली. ३२८ मध्ये बिशप झालेल्या अथनासियस यांना पाच वेळा हद्दपार करण्यात आले. सुमारे सतरा वर्षे ते आपल्या लोकांपासून दूर राहिले. अनेक बिशप दबावाखाली डळमळले. इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी मात्र अथनासियस यांना आसरा दिला. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेने निसियाच्या श्रद्धेवर पुन्हा शिक्कामोर्तब केले, तोवर ३७३ मध्ये अथनासियस निवर्तले होते.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५९ साली लिहिलेल्या एका निबंधात या काळाचा मागोवा घेतला. अनेक बिशप कचरले तेव्हा सामान्य भाविकांनी श्रद्धा जतन केली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच न्यूमन यांना पोप लिओ यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेचे 'आचार्य' हे पद बहाल केले. निसियाच्या स्मरणवर्षात हा सन्मान व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. माझ्यासारख्या धर्मगुरूला त्यात इशारा आहे आणि प्रापंचिकांना जबाबदारीची जाणीव.

आजचा एरियसवाद

इस्तंबूल येथे धर्मगुरू व व्रतस्थांशी बोलताना पोपमहोदयांनी 'नव्या एरियसवादा'चा उल्लेख केला. येशूबद्दल आदर बाळगायचा, त्याला थोर मानव मानायचे. मात्र तो आपल्यामध्ये वावरणारा जिवंत देव आहे हे मनापासून स्वीकारायचे नाही, असे या वृत्तीचे स्वरूप आहे. हा दोष केवळ बाहेरच्यांचा नाही. नाताळात गोठा सजवणारे आपण, निर्णयाच्या वेळी ख्रिस्ताला सल्लागाराइतकेही स्थान देत नाही, तेव्हा आपण ओठांनी निसियाचे आणि आचरणाने एरियसचे अनुयायी ठरतो.

दुसऱ्या टोकाची चूकही आपल्यात आहे. प्रभूचा देह केवळ भास होता असे आपण म्हणत नाही. परंतु भक्ती देवळात आणि व्यवहार बाहेर अशी वाटणी केली की त्या देहाला अर्थ उरत नाही. शब्दाने खरोखर मानवी देह धारण केला असेल, तर खाटेला खिळलेल्या वृद्धाचा देह आणि मजुराचा थकलेला देह त्याला परका नाही.

ऐक्याचा प्रश्नही याच श्रद्धेशी निगडित आहे. २०२५ साली पूर्वेकडील व पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थान सण एकाच दिवशी, २० एप्रिलला साजरा केला. तो मात्र पंचांगांचा योगायोग होता. कायमची समान तारीख अद्याप ठरायची आहे. तरीही इझनिकच्या तळ्याकाठी सर्वांनी एकत्र येऊन त्याच श्रद्धेची घोषणा केली, ही आशेची खूण होय.

आपल्या भाषेत 'शब्द देणे' आणि 'शब्दाला जागणे' असे म्हणतात. देवाने मानवजातीला शब्द दिला आणि तो शब्द स्वत: देह धारण करून आला. येत्या रविवारी मिस्साबलीत मतांगीकार म्हणताना क्षणभर थांबून स्वत:ला विचारू या : मी ज्याला देव म्हणतो आहे, त्याच्या शब्दाला मी जागतो का?