पाणी मुळांपर्यंत पोहोचू द्या
रोज सकाळी तांब्याभर पाणी वरून शिंपडलं की कुंडी ओली दिसते, पण भिजतो तो फक्त वरचा थर. मुळं ओलीच्या मागे जातात. ओल वरच थांबली की तीही वरच घोटाळतात आणि एप्रिलच्या उन्हात गॅलरीतला मोगरा दुपारपर्यंत मान टाकतो. म्हणून पाणी कमी वेळा पण भरपूर द्यावं, सावकाश, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. आधी मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहा; ओल लागली तर झारी खाली ठेवा. मुळांना हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळं गुदमरून कुजतात, पानं मलूल होतात आणि झाड तहानलंय असं समजून आपण आणखी पाणी ओततो. घरातली झाडं तहानेपेक्षा अशा मायेनेच जास्त जातात, असं माझं ठाम मत आहे. कोकोपीट पार वाळलं असेल तर पाणी कडेने सरळ निघून जातं. तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल उडून जाते, प्लॅस्टिकच्या नाही, त्यामुळे दोन्हींना एकच वेळापत्रक लावू नका. आणि पावसाळ्यात कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवा.