कुंडीतला बॅकअप

"नर्सरीत मिळतं ना? मग वाचलं की ते झाड!"

हे वाक्य इथे ऑकलंडमध्ये मी आपल्याच मंडळींकडून इतक्या वेळा ऐकलंय, की या वीकेंडला त्याचा समाचार घ्यायचाच असं ठरवलं.

झाडाचं नाव न्गुतुकाका. माओरी भाषेत न्गुतु म्हणजे चोच आणि काका म्हणजे इथला एक पोपट. (आपल्या काकांचा संबंध नाही :)) शेंगा येणाऱ्या कुळातलं, माणसापेक्षा थोडं उंच होणारं झुडूप. तुम्ही हादग्याच्या फुलांची भजी खाल्ली असतील, तर तेच बाकदार फूल लालभडक करून घोसाने लटकवा, म्हणजे साधारण कल्पना येईल. घराणं एकच!

माओरी लोक ते आपल्या वस्त्यांजवळ लावायचे. १७६९ साली कुकच्या जहाजावरून आलेल्या बँक्स आणि सोलँडरने त्याचे नमुने गोळा केले. पुढे ते इंग्लंडच्या बागांतही पोचलं. आज इथे ते घराघरांच्या अंगणात दिसतं.

आणि रानात? याच्या दोन प्रजाती. क्लायँथस प्युनिसियस कैपारा बंदरातल्या मोतुरेमू या एका छोट्याशा बेटापुरती उरलीय. क्लायँथस मॅक्सिमस उत्तर बेटाच्या पूर्वेकडच्या कड्यांवर आहे, पण रानात आपसूक उगवलेली झाडं शे-दोनशेच्या घरात. दोन्ही 'नॅशनली क्रिटिकल', म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी.

आता आयटीवाल्यांनो, तुम्हीच सांगा. एकाच फाईलच्या दहा हजार कॉप्या केल्या तर त्याला सगळ्या सर्व्हरचा बॅकअप म्हणाल का? बागांमधली झाडं बहुतेक मोजक्या जुन्या झाडांपासून, फांद्या लावून वाढवत आणलेली. जनुकीय अभ्यासात दिसलंय की रानातल्या विविधतेचा थोडासाच भाग त्यांच्यात आहे. उरलेला डेटा त्या कड्यांवरच्या झाडांत आहे, आणि त्याची दुसरी कॉपी आपोआप तयार होत नाही. एक झाड शेळीने खाल्लं की एक फाईल गेली. कायमची.

शेळीच का? न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी नव्हतेच. त्यामुळे या झुडपाकडे काटे नाहीत की काही नाही. बाहेरून आणलेल्या शेळ्या, हरणं, ससे यांना ही आयती मेजवानी! कडे ही काही त्याची आवडती जागा नव्हे. जिथे शेळीचं तोंड पोचत नाही, तिथे ते उरलंय इतकंच. म्हणजे बॅकअप उत्तम असता तरी तो रिस्टोअर कुठे करणार? सर्व्हरमधला बग तसाच आहे, आणि त्याला चार पाय आहेत.

कुणी म्हणेल, बागांमुळे निदान प्रजाती टिकली. मान्य. कुंडीतलं फूल बघूनच कित्येकांना या झाडाची ओळख होते, हेही मान्य. माझं भांडण कुंडीशी नाहीच. कुंडी विकत घेतली की आपलं काम संपलं, या समाधानाशी आहे.

खरं काम कंटाळवाणं आहे. कुंपण घालायचं, शेळ्या आणि हरणं कमी करायची, रानातल्या प्रत्येक झाडाचं बी वेगवेगळं नोंदवून वाढवायचं. हॉक्स बे भागात तर २०१० नंतरच्या दशकात बिया भरलेली काडतुसं हेलिकॉप्टरमधून कड्यांवर झाडून पाहिली गेली! हे बी टणक असतं, मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतं. त्यामुळे जिथे एकेकाळी हे झाड होतं, तिथे जनावरं अडवली तर रोपं पुन्हा वर येण्याची आशा असते. पण कुंपणाचा फोटो कोण काढणार? आणि शेळ्या मारायच्या म्हटलं की पार्टीतले तेच लोक "बिचाऱ्या" म्हणून हळहळतात. झुडूप ओरडत नाही, एवढाच त्याचा दोष.

पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांनी हसू नये. आपल्याकडे डोंगरावर ओळीने ग्लिरिसिडिया लावून त्याला जंगल म्हणायची पद्धत आहेच. रोपं मोजायची, रान मोजायचं नाही. रोग तोच.

तेव्हा इथल्या मित्रांनो, न्गुतुकाका जरूर लावा, पण नर्सरीवाल्याला विचारा की हे रोप कुठल्या झाडाच्या बियांचं आहे. उत्तर आलं नाही तर ते शोभेचं झाड समजा, आणि जेवढे पैसे त्याला मोजले तेवढेच कुंपण घालणाऱ्या एखाद्या स्थानिक गटाला द्या. नाहीतर निदान ते पहिलं वाक्य माझ्यासमोर म्हणू नका :)